कोरडे हात

शहरातल्या शहरात पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेलेली आमच्या इंदूरच्या परदेशीपुऱ्यातली मी पहिलीच मुलगी असेन. परगावी शिकायला जाणं लोकांना समजायचं, सासरी जाणं तर समजायचंच. पण परदेशीपुऱ्यातून गादीची गुंडाळी घेऊन मल्हारगंजला जायचं, आणि तेही अभ्यासासाठी, हे समजावून सांगताना आईची दमछाक झाली. शेजारच्या काकूंना तिने आधी सांगितलं की तिथून कॉलेज जवळ पडतं. कॉलेज तिथून लांब पडतं, हे काकूंना माहीत होतं. मग आईने खरं सांगितलं, "अहो, तिचा प्रोजेक्ट आहे, जैनांवर." काकू म्हणाल्या, "जैनांवर? का, त्यांनी काय केलं?"

त्यांनी काही केलं नव्हतं. केलं होतं ते आमच्या मॅडमनी. मी समाजशास्त्रात एम.ए. करत होते आणि शेवटच्या वर्षाला एक छोटा प्रबंध लिहायचा होता. मॅडम नागपूरकडच्या, बारीक चणीच्या, आणि कुणाचंही वाक्य पुरं होऊ न देणाऱ्या. मी त्यांच्यापुढे जैन समाजासाठी छान टाइप केलेली प्रश्नावली ठेवली. त्यांनी ती उलटून कोऱ्या बाजूवर चहाचा कप ठेवला. "इंदूरमध्ये जन्मलीस ना? मग जैनांबद्दल तुला काय माहीत आहे?" मी सांगितलं, कांदा-बटाटा खात नाहीत, सूर्यास्ताच्या आत जेवतात, आणि पर्युषणात त्यांची दुकानं बंद असतात. मॅडम म्हणाल्या, "आयुष्यभर शेजारी राहून ही तीन वाक्यं? यातलं तिसरं तर गिऱ्हाइकालाही माहीत असतं." मग त्यांनी मला सहभागी निरीक्षण समजावून सांगितलं. पुस्तकात त्यावर मोठं प्रकरण होतं. मॅडमनी ते तीन सूचनांत संपवलं. "त्यांच्यात राहून वाढतील ते खा, करतील ते कर, आणि मध्ये मध्ये बोलू नकोस." मी विचारलं, किती दिवस? "कंटाळा येईपर्यंत. त्यानंतर जे दिसेल ते लिहायचं."

बाबा मिलमध्ये हेड क्लार्क होते. मिलचं कापड घेणारे एक दुकानदार त्यांच्या ओळखीचे, स्थानकवासी जैन, म्हणजे मूर्तिपूजा न करणाऱ्या पंथाचे. बाबा त्यांच्या गादीवर बसून म्हणाले, "भिया, लड़की को चातुर्मासभर आपके यहाँ रखना है." त्या गृहस्थांनी आधी पाणी मागवलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "क्यों साब, घर में कुछ हो गया क्या?" बाबांनी समजावलं. त्यांना काही समजलं नसावं, पण घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या आईला विचारलं आणि आईने लगेच हो म्हटलं. ही आई म्हणजे जीजी. माळव्यात आईला जीजी म्हणणारी पुष्कळ घरं आहेत. या घरात मुलगा, सून, दूधवाला आणि पुढे मीही, सगळे तिला जीजीच म्हणत असू. अनोळखी मराठी मुलीला ती इतक्या पटकन का हो म्हणाली, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. स्वतःला निरीक्षक समजणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न तोच पडायला हवा होता.

घरात तीन माणसं. जीजी, भैया आणि भाभी. जीजी साठीच्या पुढे, ठेंगणी, पांढरं लुगडं, चालताना पायाचा आवाज नाही. भैया म्हणजे बाबांच्या ओळखीचे ते गृहस्थ, दिवसभर दुकानात. भाभी माझ्याहून थोडी मोठी, बोलायला भुकेली, आणि स्वयंपाकघरात पाय ठेवल्याबरोबर मला कामाला लावणारी. त्या घराचा आवाज म्हणजे पाणी ओतण्याचा आवाज. पहाटे पाणी जाड कापडातून गाळायचं, मोठ्या भगोन्यात उकळायचं, परातीत ओतून निववायचं, परातीतून घागरीत भरायचं. हे उकळलेलं पाणीच दिवसभर प्यायचं, कारण कच्च्या पाण्यात जीव असतात. आमच्या घरी सकाळी रेडिओ, मिलचा भोंगा आणि आईचं ओरडणं एकदम सुरू व्हायचं; इथे पाणी ओतल्याचा आवाज आणि त्याच्या पाठीमागे जीजीचं पुटपुटत चाललेलं पाठांतर, एवढंच. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. त्यानंतर स्वयंपाकघर असं झाकून ठेवलेलं असायचं की जणू उद्या कुणी जेवणारच नाही. मला रात्री अभ्यासाला बसलं की भूक लागायची. रविवारी मी घरी जाऊन पोटभर कांदाभजी खायची आणि बाबा समोर बसून विचारायचे, "काय म्हणतात तुझे लोक?" पहिल्याच रविवारी ते 'तुझे लोक' झाले होते. आई म्हणायची, "वाळली आहे हो पोरगी." मी वाळले नव्हते. उलट त्या घराच्या तुपाने माझे ब्लाउज उसवायला झाले होते.

आता ढोकळ्यांबद्दल. गुजराती पिवळा जाळीदार ढोकळा डोळ्यांपुढे आणू नका. हे मक्याच्या पिठाचे, ओवा आणि पापडखार घालून मळलेले, मधे भोक पाडून वाफवलेले जाड गोल ढोकळे. वरून तिळाचं तेल किंवा तूप, सोबत उडदाची डाळ. मी राहायला गेले त्या पहिल्या आठवड्यात जीजीने ते केले, माझ्या ताटात वाढले आणि समोर बसून विचारलं, "कैसे बने?" घास माझ्या घशात, टाळूपासून जरा खाली, बसून राहिला होता. मॅडमची पहिली सूचना आठवून मी म्हणाले, "अच्छे हैं." दुसऱ्या दिवशी ढोकळे. तिसऱ्या दिवशी ढोकळे. मग रोज सकाळी माझ्यासाठी वेगळ्या पातेलीत ढोकळे. भैया, भाभी आणि जीजी पोळी खात. मी माझ्या टिपणांत लिहिलं: 'अतिथीच्या आवडीची विशेष दखल घेतली जाते.' आजही हे वाक्य मला चुकीचं म्हणता येणार नाही. ते फक्त अपुरं होतं.

आणखी एक गोष्ट मी लिहिली होती. सकाळची कामं उरकली की जीजी हात पुसून, पार कोरडे करून, दारासमोरच्या पाटावर बसायची. जिन्याचं दार सताड उघडं. हातात माळ नाही, निवडायला डाळ नाही. कुणी पाणी मागितलं तरी उठायची नाही, भाभी द्यायची. दुपार झाली की उठून दार लावायची आणि मग जेवायची. हे रोज चालायचं. मी लिहिलं: 'ज्येष्ठ स्त्रिया दुपारपर्यंत विश्रांती घेतात.'

मग एके दिवशी दोन साध्वी आल्या. यांना त्या पंथात महासतीजी म्हणतात. पांढरी वस्त्रं, तोंडावर पांढरी मुखपट्टी, अनवाणी, हातात लाकडी पात्रांची झोळी. न सांगता, घंटी न वाजवता जिना चढून दारात उभ्या राहिल्या. जीजी हात जोडून उभी राहिली. भाभी भांड्यांची झाकणं काढायला धावली. भाद्रपदातला उकाडा होता आणि त्या घामाने निथळत होत्या. पाहुणा दारात आला की आमच्या घरी पहिलं काय करतात? मी उठले आणि पंखा लावला.

मोठ्या महासतीजी जिथे होत्या तिथेच थांबल्या. चिडल्या नाहीत. "असूझता हो गया," एवढंच म्हणाल्या, जीजीला "दया पालो" असा आशीर्वाद दिला आणि दोघी जिना उतरून गेल्या. झाकणं उघडी, पंखा गरगरतोय, आणि मी बटणाजवळ उभी.

नंतर भाभीने मला धडा दिला. आधी हसून घेतलं, मग दिला. साधू-साध्वी भिक्षा घेतात तिला गोचरी म्हणतात. कुठल्या घरी जाणार हे आधी सांगत नाहीत. बोलावलेलं चालत नाही. त्यांच्यासाठी म्हणून काही शिजवलं असेल तर ते अन्न त्यांना चालत नाही; घरच्यांसाठी शिजलेल्यातलंच थोडं घ्यायचं. घेतल्यानंतर घरच्यांनी ती तूट भरून काढायला पुन्हा चूल पेटवायची नाही. वाढताना थेंब सांडला तर पुढचं घेत नाहीत. वाढणाऱ्याचा हात कच्च्या पाण्याला, हिरव्या भाजीला, विस्तवाला लागलेला नको. आणि वीज हाही विस्तवच. त्यांच्यासाठी कुणी बटण दाबलं की त्या दिवसापुरतं घर 'असूझता', म्हणजे बाद.

"म्हणजे जीजी रोज सकाळी…" मी म्हणाले.

"और क्या," भाभी म्हणाली. "तुमको क्या लगा, सुस्ता रही हैं?"

मी 'विश्रांती' खोडलं. जीजीने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. संध्याकाळी जेवताना माझ्या ढोकळ्यावर तूप घालत ती एवढंच म्हणाली, "सुबह किसी बटन को हाथ मत लगाना, बेटा." तूप नेहमीइतकंच होतं. मी बघितलं.

मॅडमना हा प्रसंग फार आवडला. माझी फजिती झाल्याशिवाय त्यांना काही आवडत नसे. पण त्यांनी एक प्रश्न विचारला: "गोचरी गल्लीतल्या सगळ्या घरांत होते ना? मग सगळ्याच घरांतल्या बायका रोज अशा हात कोरडे करून बसतात का?" मी गल्लीत हिंडून पाहिलं. दारं पुष्कळ उघडी असायची. पण कामं चालू असायची. कुणी आलंच तर ज्या बाईचे हात कोरडे असतील ती वाढायची. सगळी सकाळ नुसती बसून काढणारी जीजी एकटीच.

उत्तर स्थानकात मिळालं. स्थानक म्हणजे चातुर्मासात साध्वी उतरतात ती धर्मशाळेसारखी इमारत. सकाळी लवकर, जीजी पाटावर बसायच्या आधी, तिथे प्रवचन असायचं. मी जीजी आणि भाभीबरोबर जाऊ लागले होते. प्रवचन संपलं की बायका एकेका महासतीजींपुढे वंदना करत. एका तरुण, उंच साध्वीपुढे जीजी वाकली. तीन वेळा, गुडघे जमिनीला टेकवून, बाकीच्यांसारखीच. साध्वी म्हणाली, "दया पालो." जीजी उठली, पुढच्या बाईला जागा करून दिली. परत येताना जीजी पुढे चालत होती आणि भाभी माझ्या कानाशी लागली. "वो लंबे वाले महासतीजी देखे? मेरी ननद हैं."

मी थांबले. भाभीने मला कोपराने ढकलत पुढे नेलं आणि सगळं सांगून टाकलं. जीजीची एकुलती मुलगी. बी.कॉम. झाली आणि दीक्षेचा हट्ट धरला. आईच्या परवानगीशिवाय दीक्षा होत नाही. जीजीने दोन चातुर्मास नाही म्हटलं आणि मग हो म्हटलं. त्यानंतर मुलगी पायी देशभर फिरली. इंदूरला चातुर्मास हा पहिलाच. स्थानक घरापासून चार गल्ल्या. पण गोचरीला ती या गल्लीत येत नव्हती, दुसऱ्या येत. आपल्या घरचा मोह पडू नये म्हणून ती स्वतःच टाळते, असं भाभीचं म्हणणं. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की त्या पायी निघून जाणार, पुन्हा कधी इकडे येतील सांगता येत नाही. "जीजी को बस एक बार अपने हाथ से बहराना है," भाभी म्हणाली. बहराना म्हणजे साध्वीच्या पात्रात वाढणं. "बोलती नहीं हैं. बोलें भी किसको? बुला तो सकते नहीं." मग ती हसली. "और तुम्हारे वो ढोकले, वो इन्हीं को पसंद थे. ये गईं तो बनना बंद. तुम आईं, तुमने अच्छा बोल दिया, तो फिर चालू."

त्या दिवशी ढोकळे खाताना मी जीजीकडे बघत होते. तिने विचारलं, "क्या हुआ? कच्चे हैं?" मी म्हणाले, नाही.

इथे थोडं आजचं सांगते, कारण लोक मला विचारतात. मी पुढे समाजशास्त्र सोडलं. गेली बरीच वर्षं मी भंवरकुआंला मुलींचं हॉस्टेल चालवते, कोचिंगच्या मुलींचं, आणि राऊला राहते. मेसमध्ये रोज शेकडो पोळ्या लाटल्या जातात. मुलगी तीन दिवस कढी पानात टाकते आहे म्हणजे तिच्या घरी काहीतरी बिघडलं आहे, हे मला कुणी न सांगता कळतं, आणि ते मॅडमनी शिकवलं, जीजीच्या घरात. पण तेव्हा मला ते येत नव्हतं. तेव्हा मला एकच प्रश्न छळत होता: ढोकळे माझ्यासाठी होते की नव्हते? रोज सकाळी पीठ मळणाऱ्या बाईच्या मनात कुणाचं ताट होतं? हे मी तिला विचारू शकत नव्हते. मॅडमची तिसरी सूचना होती, मध्ये मध्ये बोलू नकोस. आणि विचारलं असतं तर जीजी खोटं बोलली नसती. ती खोटं बोलत नसे. म्हणून मी विचारलं नाही.

दिवाळी झाली. पौर्णिमा जवळ आली. जीजी पाटावर बसतच होती. त्या दिवशी मला कॉलेजात लवकर जायचं होतं, चहासुद्धा न घेता मी केस विंचरत होते. भाभी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलेली. जिन्यावर अनवाणी पायांचा आवाज म्हणजे काही आवाजच नसतो. मला आधी दिसली ती जीजी, पाटावरून उठताना. दारात एक वयस्क महासतीजी आणि त्यांच्या मागे ती उंच साध्वी.

मी कंगवा खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. बटण माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतं.

जीजीने वंदना केली. "पधारो," म्हणाली. आवाज नेहमीचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्या दोघींनी पात्रं मांडली आणि जीजीने एकेक झाकण काढलं. डाळ. पोळ्या. भोपळ्याची भाजी. आणि माझी पातेली. वाफ अजून होती.

उंच साध्वीने पातेलीकडे बघितलं. मग जमिनीकडे बघत तिने विचारलं, "श्राविकाजी, ये किसके निमित्त बने हैं?" स्वतःच्या आईला ती श्राविकाजी म्हणाली, म्हणजे धर्म पाळणारी गृहस्थ बाई. गल्लीतल्या कुठल्याही बाईला म्हणाली असती तसंच.

जीजी म्हणाली, "घर में खाते हैं, महाराजसाब."

"मक्की तो इस घर में कोई नहीं खाता."

हे ती बोलून गेली, आणि वयस्क महासतीजींनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. या घरात कोण काय खातं हे साध्वी म्हणून तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिची नजर आणखी खाली गेली. तिने पात्रावर हात ठेवला, झाकल्यासारखा.

जीजीच्या हातात पळी होती. ती नुसतं माझ्याकडे बोट दाखवू शकली असती, तरी पुरलं असतं. तिने दाखवलं नाही. मला वाटतं, तिला स्वतःलाच खात्री नव्हती की उत्तर काय आहे. एवढा एक प्रश्न तिने इतके दिवस स्वतःला विचारलेला नसणार, आणि विचारला तो नेमका मुलीने.

सहभागी निरीक्षणाच्या पुस्तकात अशा वेळी निरीक्षकाने काय करावं यावर एक परिच्छेद होता. तटस्थ राहावं, असं त्यात म्हटलं होतं. मी म्हणाले, "मैं खाती हूँ."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. केस अर्धे विंचरलेले, हात पाठीमागे. वयस्क महासतीजींनी विचारलं, "तुम कौन?" मी सांगितलं, मराठी आहे, इथे राहून अभ्यास करते. "तुम्हें रुचते हैं ढोकले?"

"नहीं," मी म्हणाले.

इतके दिवस मी जे गिळलं होतं ते असं बाहेर आलं.

"रुचते नहीं हैं," मी म्हणाले. "पहले दिन इनका मन रखने को अच्छा बोल दिया था. तब से रोज मेरे लिए ही बनते हैं. रोज खाती हूँ."

खोटं बोलणारीने आवडतात असं सांगितलं असतं, हे वयस्क महासतीजींच्या लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "हम ले लेंगे तो तुम क्या खाओगी? पीछे फिर से चूल्हा तो नहीं चढ़ेगा?"

"नहीं चढ़ेगा. मैं आज कुछ नहीं खाऊँगी."

"सुबह से कुछ लिया?"

"नहीं."

"तो उपवास के पच्चक्खाण ले लो," त्या म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी प्राकृतातलं एक सूत्र म्हटलं. पच्चक्खाण म्हणजे व्रत घेणं. एका श्वासात मला दुसऱ्या दिवशी सूर्योदयापर्यंत उपवास लागला, फक्त उकळलेलं पाणी. बाकीच्या सगळ्या गोष्टी त्या घरात फार विचारपूर्वक होत. ही एकच अशी पटकन झाली.

मग उंच साध्वीने पात्रावरचा हात काढला.

जीजीने एक ढोकळा ठेवला. दुसरा ठेवला. तिळाच्या तेलाची वाटी उचलली आणि वरून इतकी बारीक धार धरली की खाली एक थेंब पडला नाही. तिसऱ्याला साध्वीने पात्र मागे घेतलं. "बस." जीजी थांबली. मग हात जोडून उभी राहिली. मुलीच्या तोंडावर मुखपट्टी होती, त्यामुळे ती हसली किंवा काय, हे मला माहीत नाही आणि मी कधी लिहिलंही नाही. "दया पालो," ती म्हणाली. झोळीला गाठ मारली. दोघी जिना उतरल्या.

जीजी दारात उभी राहून गल्लीच्या वळणापर्यंत बघत राहिली असेल, कारण तेवढा वेळ ती हलली नाही. मग तिने दार लावलं. आत आली. ज्या भिंतीजवळ मी उभी होते तिथे येऊन तिने स्वतः पंख्याचं बटण दाबलं, आणि पंख्याखाली भिंतीला टेकून पाय पसरून बसली. मी तिला पाय पसरून बसलेलं त्याआधी बघितलं नव्हतं.

भाभी गच्चीवरून बादली घेऊन आली. झाकणं उघडी, पातेलीत एकच ढोकळा, पंखा चालू, जीजी जमिनीवर. "क्या हुआ?" तिने मला विचारलं. मी म्हणाले, "आज माझा उपवास आहे." घाईत मराठीत म्हणाले. तिला समजलं.

उपवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. भूक लागली, डोकं दुखलं, जीजी निववलेलं पाणी आणून देत राहिली. भैयांना कळल्यावर त्यांनी दुकानातून बाबांना फोन करून अभिनंदन केलं. बाबांनी घाबरून विचारलं, "तब्येत खराब है क्या?"

दुसऱ्या दिवशी पारणं. उपवास सोडताना पहिला घास घरातल्या मोठ्या माणसाच्या हातचा घेतात. जीजीने मुगाचं पाणी दिलं, मग समोर बशी ठेवली. पोहे, वर शेव, बाजूला भाभीने खास मागवलेली गरम जलेबी. इतके दिवस मी ज्यासाठी तडफडत होते ते सगळं. ढोकळ्याची पातेली पालथी घातलेली.

"रुचते नहीं थे तो बोला क्यों नहीं?" जीजीने विचारलं.

"मॅडमनी सांगितलं होतं, वाढतील ते खा."

जीजी म्हणाली, "अच्छी हैं तेरी मैडम." मग म्हणाली, "अब नहीं बनेंगे. छूटी तू."

मी पोह्यांचा घास उचलला आणि परत ठेवला. ढोकळे आजपासून बंद झाले, तर कालपर्यंत ते कुणासाठी होते हे कुणालाही सांगता आलं असतं. काल मी महासतीजींना जे सांगितलं ते खरं की खोटं हे आज काय शिजतं यावर ठरणार होतं. त्या घरात राहून मला एवढा हिशेब करता येऊ लागला होता.

"पौर्णिमेपर्यंत करा," मी म्हणाले. "रोज, पहिल्यासारखे. मी खाईन."

जीजीने माझ्याकडे बघितलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने बशी माझ्यासमोरून उचलून भाभीपुढे सरकवली, पालथी पातेली सुलटी केली आणि मक्याच्या पिठाचा डबा काढला. भाभीने माझी जलेबी खाल्ली.

पौर्णिमेनंतर त्या निघाल्या. गल्लीभर बायका उभ्या होत्या, मीही होते. उंच साध्वी जीजीसमोरून गेली, माझ्यासमोरून गेली, सगळ्यांना एकच "दया पालो" म्हणत. जीजी घरी येऊन भांडी घासायला बसली. मी सामान बांधलं. तोंडी परीक्षेला मॅडमनी विचारलं, "तुझा सहभाग नेमका कुठे होता?" बाहेरून आलेले परीक्षक पेन घेऊन सरसावले. मी म्हणाले, खाण्यात. परीक्षकांनी ते लिहून घेतलं नाही, मॅडमनी घेतलं.

पौर्णिमेपर्यंत मी रोज ढोकळे खाल्ले, एकही पानात टाकला नाही. आवडले मात्र शेवटपर्यंत नाहीत.